पिकाचा हिशेब मांडला, जगण्याचा कोण मांडणार?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून हमीभाव, वीजबिल आणि पीकविमा यांवर बोलणे झाले. मला दिलेला विषय वेगळा आहे. शेतकऱ्यांच्या घरांतून लिहिणारी माणसे पुढे येऊ लागली आहेत. ती कोणत्या वाटेने आली? तुम्ही म्हणाल, घरात कापूस पडून आहे, भावाचा ठिकाणा नाही, आणि हा माणूस पुस्तकांचे काय घेऊन बसला? पण या दोन गोष्टींचा संबंध आहे.

चळवळीत आपण पहिला धडा शिकलो तो उत्पादन खर्चाचा. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी हे सगळे आपल्याला तोंडपाठ होते; पण एकाखाली एक मांडलेले नव्हते. मांडले तेव्हा कळले की तोटा आळसामुळे नाही, नशिबामुळे नाही, धोरणामुळे आहे. कागदावर येईपर्यंत तो तोटा आपल्यालाच दिसत नव्हता. जगण्याचेही तसेच आहे.

हे जोतीराव फुल्यांनी फार पूर्वी ओळखले. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. जसजसा मजकूर तयार होई तसतसा ते पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवीत. ज्यांचे दुःख लिहायचे, त्यांच्याच कानावर आधी घालायचे, अशी ती रीत होती. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे बोलावणे आले, तेव्हा ते गेले नाहीत. ज्यांच्या पुस्तकांत आमचे सुखदुःख नाही त्यांच्याशी आमचा मेळ बसणार नाही, अशा अर्थाचे खरमरीत पत्र त्यांनी पाठवले.

आता कापसाच्या मुलखातले उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. जन्म १८८० चा. अक्षरओळख नाही. तरुणपणीच वैधव्य आले. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि घरातली मंडळी ती ऐकून वहीत उतरवून ठेवीत. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला याच बाईंचे नाव दिले गेले.

पण विचार करा, वही धरणारा मुलगा घरात नसता तर? मग ती गाणी चुलीच्या धुरासारखी विरून गेली असती. आपल्या आया-आज्यांची अशी किती विरली, त्याचा हिशेब कोणी करू शकणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एवढे धन घरात असून आपण स्वतःला अडाणी म्हणवून घेत होतो!

पुढची पिढी शाळेत गेली. तीही सुखासुखी नाही. कागलच्या आनंद यादवांनी शाळेसाठी घरात केवढा झगडा केला, ते १९८७ च्या ‘झोंबी’त आहे. बापाला शेतावर हात हवा होता आणि पोराला पाटी. पळसखेडचे ना. धों. महानोर कॉलेज अर्धवट सोडून शेतीवर परतले. १९६७ साली त्यांच्या ‘रानातल्या कविता’ आल्या, आणि १९७८ साली ते विधान परिषदेवर गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी नाही आणि शेतीत भाव नाही, अशा दोन्हीकडून कोंडलेल्या पोराची ती कादंबरी आहे. आपल्या प्रत्येक गावात असा पोरगा आहे.

अलीकडचे नाव सांगतो. जत तालुका म्हणजे दुष्काळाचे माहेर. तिथल्या नवनाथ गोरे या तरुणाच्या ‘फेसाटी’ कादंबरीला २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. आणि २०२० च्या टाळेबंदीत तासिकेवरचे शिकवण्याचे काम सुटले, तेव्हा त्याच लेखकाला मजुरीला जावे लागले. वर्तमानपत्रांनी ते छापले.

म्हणून लेखणीने पोट भरते असे सांगायला मी आलो नाही. पुरस्काराने कर्ज फिटत नाही. लढाई घामाच्या दामाची आहे आणि तीच राहणार. पण त्या लढाईतही आपली साक्ष आपणच द्यावी लागते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सरकारच्या कागदावर आकडा राहिला. पंप पाठीवर घेऊन माणूस सकाळी कसा निघाला, हातमोजे का नव्हते, दवाखान्यात नेताना गाडीचे भाडे कोणाकडून आणले, हे त्या घरातल्या माणसाशिवाय कोण लिहील? बाहेरचा येईल, दोन दिवस राहील, डोळे पुसून जाईल. किंवा शेतकरी दारू पितो, लग्नात पैसा उडवतो, असे लिहून मोकळा होईल.

मायबापहो, काही घरांत कर्त्या माणसाने लिहिलेली शेवटची चिठ्ठी हेच त्या घरातले पहिले लिखाण ठरले. ही पाळी यापुढे कोणावर येऊ नये. मरताना लिहायचे ते जिवंतपणी लिहा, आणि चार माणसांत वाचा. एकट्याच्या मनात कुढत राहिलेले दुःख माणसाला खाते. दहा जणांनी ऐकले की त्यातूनच मागणी तयार होते.

तेव्हा तीन कामे सांगतो.

एक, प्रत्येक गावशाखेने एक वही घालावी. पेरणीपासून चुकारा हातात पडेपर्यंत काय घडले ते त्यात लिहावे. भाषा घरातलीच हवी. वऱ्हाडीत बोलता तर वऱ्हाडीत लिहा, अहिराणीत बोलता तर अहिराणीत. शुद्धलेखनाची भीती धरू नका.

दोन, घरात म्हातारी आई असेल तर तिच्या ओव्या, तिने पाहिलेले दुष्काळ पोरांनी उतरवून घ्यावेत. मोबाइल आता घराघरात आहे, त्यात आवाज साठवा. पण साठवून थांबू नका, कागदावर आणा.

तीन, ही वही दर महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचा. “असे नव्हते, असे होते,” म्हणून कोणी उठला तर त्याला बोलू द्या आणि दुरुस्त करा. जोतीरावांनी गावोगाव वाचून दाखवले ते आपण गावातल्या गावात करू.

यातून सगळे लेखक होतील असे नाही. पेरलेले सगळे बी कुठे उगवते? पण शंभर वह्यांतून दोन माणसे निघाली तरी आपले म्हणणे मांडायला दुसऱ्याच्या दारात जावे लागणार नाही. पुढच्या मेळाव्याला येताना मागण्यांच्या कागदासोबत गावाची वहीही घेऊन या.