पडशील म्हणून थांबवू नका

आपल्या मालवण किनाऱ्यावर होड्या भरपूर, घोडे मात्र क्वचितच दिसतात. रेस म्हटली की आठवतो तो मुंबईचा महालक्ष्मी रेसकोर्स आणि तिथे पगार घालवून घरी आलेला एखादा चाकरमानी. म्हणून आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच दोघींनी नाकं मुरडली. पण आम्ही आज पैजेबद्दल बोलणार नाही. बोलणार आहोत ते घोड्यावर बसणाऱ्या एका बाईबद्दल.

साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली, ती शर्यत स्टीपलचेस. हे नाव मूळचं घोड्यांच्या शर्यतीचं. स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोन घोडेस्वार एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतली कुंपणं आणि ओढे ओलांडत धावले, असं सांगतात.

त्याच आयर्लंडची रेचल ब्लॅकमोर. जन्म १९८९ चा. वडील गाईगुरं पाळणारे शेतकरी, आई शिक्षिका. लहानपणापासून घोड्यावर बसायची, पण शिक्षण सोडलं नाही, पदवी घेतली. पोटापाण्यासाठी जॉकी झाली ती २०१५ साली, पंचविसाव्या वर्षी. या धंद्यात बरेच जण विशीच्या आतच उतरतात. म्हणजे ही उशिरा आलेली.

इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल ही या शर्यतींतली सगळ्यात नावाजलेली. जवळजवळ सात किलोमीटर अंतर आणि तीस उड्या. १८३९ पासून ती धावली जाते, पण तिच्यात पहिली बाई उतरली १९७७ साली, शार्लट ब्रू. तिच्या घोड्याने शेवटच्या काही उड्या राहिल्या असताना पाय अडवले. १९८२ मध्ये जेराल्डिन रीसने शर्यत पूर्ण केली. आणि १० एप्रिल २०२१ ला मिनेला टाइम्स या घोड्यावर बसून रेचलने ती जिंकली. पहिल्या बाईपासून विजयापर्यंत ४४ वर्षं गेली! कोरोनामुळे त्या दिवशी मैदानात प्रेक्षकच नव्हते. पुढच्या वर्षी चेल्टनहॅमचा गोल्ड कपही तिने जिंकला. तोही जिंकणारी ती पहिलीच बाई.

पण आम्हाला जास्त भावलं ते वेगळंच. या शर्यतीत रुग्णवाहिका घोड्यांच्या मागोमाग कडेने धावत असते. कारण पडणं हा या कामाचा भागच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये रेचल पडली, मानेचं हाड मोडलं. डिसेंबरमध्ये ती पुन्हा घोड्यावर होती. मार्चमध्ये चेल्टनहॅमला तिने पुन्हा शर्यती जिंकल्या आणि मे २०२५ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, आपण होऊन निवृत्ती घेतली. दुखापतीने तिला घरी बसवलं नाही, ती आपल्या मर्जीने थांबली.

आपल्या वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांच्याही हाताला वल्हं पहिल्याच दिवशी बसलं नसेल. तेव्हा घरातली मुलगी सायकल, होडी, स्कूटर मागेल, तेव्हा "पडशील गो" म्हणून तिला अडवू नका. पडली तर उचलायला आपण आहोतच. आणि आपल्यापैकी कुणाला वाटत असेल की आता वय झालं, तर पंचविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या रेचलची आठवण ठेवा.