हवा जाईल, पण येईल कुठून?



शहरातल्या फ्लॅटमध्ये न्हाणीघर आतल्या बाजूला असलं की त्याची खिडकी बहुधा डक्टमध्ये उघडते. काही घरांत तीही नसते. मग पावसाळ्यात छताला काळी बुरशी धरते, दाराची चौकट खालून फुगते आणि सकाळचा टॉवेल संध्याकाळीही दमटच. बाहेरची भिंत लागून असेल तर साधा एक्झॉस्ट पंखा पुरतो. ती दहा-बारा फूट लांब असेल, तर एवढ्या नळातून हवा ढकलायचा जोर त्याच्यात नसतो. पाती फिरतात, आवाज होतो, वाफ मात्र जागची हलत नाही. अशा जागी इनलाइन डक्ट फॅन लावतात. न्हाणीघराच्या छतात फक्त जाळी दिसते. पंखा फॉल्स सीलिंगच्या वर, नळाच्या मधोमध बसतो.

तो केवढा घ्यायचा? पाच बाय सात फुटांचं, आठ फूट उंच न्हाणीघर म्हणजे 280 घनफूट हवा. ती तासाला आठ वेळा बदलायची तर मिनिटाला साधारण 37 घनफूट बाहेर जायला हवी. खोक्यावर याच्या दुप्पट-तिप्पट आकडा छापलेला असतो, आणि आपण खूश होतो. पण तो आकडा बहुधा नळ न जोडता मोजलेला. नळ आला, दोन वळणं आली, टोकाला जाळी आणि झडप आली की त्यातलं बरंचसं वाटेतच खर्ची पडतं.

म्हणून माझं म्हणणं, पंख्यापेक्षा नळाची चिंता जास्त करा. तेवढीच हवा सहाऐवजी चार इंची नळातून न्यायची तर घर्षणाचा तोटा सुमारे साडेसातपट होतो. कारागिराला ॲल्युमिनियमचा लवचीक नळ आवडतो, कारण तो हवा तसा वळतो. पण आत सुरकुत्या राहिल्या की प्रत्येक सुरकुती हवेला अडवते. सरळ भागात पीव्हीसी पाइप घालावा. लवचीक नळ पंख्याच्या दोन्ही बाजूंना हातभर पुरे, म्हणजे थरथर पाइपात उतरत नाही. पंख्याखाली रबराचे तुकडे द्यावेत. पाइपाला बाहेरच्या दिशेने थोडा उतार हवा, नाहीतर आत साचलेलं वाफेचं पाणी मोटरीवर येतं. पंख्याच्या अंगावर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो, तो बसवण्याआधी बघावा. आणि फॉल्स सीलिंगला उघडता येणारं झाकण ठेवायला सांगा. पंखा कधीतरी पुसावा लागतोच.

भिंतीला भोक पाडताना तुळई किंवा खांबाला धक्का लावायचा नाही. सोसायटीला आधी विचारा. तोंड शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर काढलंत, तर पुढच्या सभेत विषय तुमचाच! कबुतरांसाठी जाळी हवी, पण फार बारीक नको. ती धुळीने बुजते. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता एक गोष्ट बजावून सांगतो. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर हा पंखा लावू नका. आधी तो गीझर तिथून हलवून मोकळ्या हवेच्या जागी न्या. दार घट्ट बंद असताना पंखा हवा ओढतो आणि गीझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी खोलीत उतरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कुणी म्हणेल, ऐन जुलैत बाहेरचीच हवा ओली, मग पंख्याने काय साधणार? 27 अंशांच्या, नव्वद टक्के दमट हवेत घनमीटरला सुमारे 23 ग्रॅम वाफ असते. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर 32 अंशांच्या, वाफेने भरलेल्या न्हाणीघरात ती साधारण 34 ग्रॅम. म्हणजे बाहेरची ओली हवासुद्धा आतल्यापेक्षा कोरडीच. आंघोळीनंतर वीसेक मिनिटं पंखा चालवावा. दिवसभर चालू ठेवला तर मात्र तो बाहेरची ओल घरभर ओढून आणतो.

जेवढी हवा बाहेर जाते, तेवढीच आत यावी लागते. त्यासाठी दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा. पंखा लावून, दार बंद करून, बाहेरून त्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत खेचला गेला तर काम बरोबर झालं. तो सरळ वर जात राहिला, तर कारागिराचे पैसे चुकते करण्याआधी त्याला पुन्हा शिडीवर चढवा.