खचलेल्या शेजाऱ्यासाठी गावचा स्वयंसेवक गट



पिकावर रोग दिसताच आपण उपाय करतो. माणूस खचला तर मात्र "होईल बरा" म्हणून सोडून देतो. यासाठी गावात पाच-सात जणांचा गट करा. महिला अवश्य घ्या. झोप उडणे, जेवण सुटणे, अबोला, निरवानिरवीची भाषा ही लक्षणे ओळखा. घरी जाऊन ऐकून घ्या, उपदेश नको. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार बळावत नाही. होकार आल्यास एकटे सोडू नका, कीटकनाशके कुलपात ठेवा, जिल्हा रुग्णालयात न्या. २०२२ पासूनची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. गटप्रमुखाने एक पथ्य पाळावे: ऐकलेले चावडीवर जाऊ देऊ नये. विश्वास गेला की गट संपला.