घट बसण्याआधी



घट बसायला आले, की बेल्ह्यात घराघरांत आवराआवर सुरू होते.
गोधड्या धुवायला निघतात.
डबे उन्हात पडतात.
माळा रिकामा होतो.

सगळं सामान अंगणात आलं, की एक गोष्ट लक्षात ठेवा.
बाहेर काढलेलं सगळंच परत आत न्यायचं नसतं.

माळ्यावर काय काय सापडतं, पाहा.
कान तुटलेली कढई.
बंद पडलेला मिक्सर.
कांद्याच्या फाटक्या गोण्या.
आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे.
हे डबे घरात अजिबात नकोत.
कितीही धुतले, तरी त्यांत पाणी किंवा धान्य भरू नका.
लेकराबाळांचं घर आहे आपलं.

जुन्या साड्या टाकवत नाहीत, खरं आहे.
आईच्या लुगड्याची ऊब वेगळीच असते.
मग एका गोधडीपुरत्या साड्या ठेवा.
बाकीच्या बोहारणीला द्या.

पुन्हा सांगते.
बाहेर काढलेलं सगळंच परत आत न्यायचं नाही.

आणि आवरलेलं घर तसंच राहावं म्हणून, सोमवारी आठवडे बाजार करून आलात, की पिशवी ओट्यावर तशीच ठेवू नका.
भाजी टोपलीत.
मिरची-मसाला डब्यात.
रिकामी पिशवी झटकून, दारामागच्या खिळ्याला.