सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं ऑगस्ट २०२२ मध्ये संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही, मोबाईल बंद. लेकरं पुस्तक घेऊन बसू लागली. साडेआठला पुन्हा भोंगा, मग सुट्टी. आधी गावातल्या बायांशी बोलले, आशाताई-अंगणवाडीताई घरोघर फिरल्या.

आपल्या चाकूरकडं भोंगा नसला तरी चालेल. पण मालिका आपल्यालाच सोडावी लागेल, अवघड तेच आहे! लेकराला 'वाच' म्हणायचं अन् आपण टीव्हीपुढं, असं जमत नाही.

घरातला एक कोपरा धरा. खाली वाकळ, पाठीला उशी, उजेड मागून. लाईट जाते, म्हणून चार्जिंगचा बल्ब. वाटीत शेंगदाणे द्या, शेंगा नको. टरफलं पुस्तकात पडतात. अभ्यासाचं नाही, गोष्टीचं पुस्तक द्या. शाळेच्या कपाटात असतात, गुरुजींकडं मागा. मधेच 'काय समजलं?' विचारू नका. जिला वाचता येत नाही तिनं शेजारी वाती वळत बसावं. लेकरू आपणहून एखादं पान वाचून दाखवतं.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की ठरवू. गल्लीतल्या निम्म्या घरांनी तरी सोबत बंद करावं, नाहीतर लेकराचे कान शेजारच्या टीव्हीकडंच राहतात.