वायफायला जोडायचंय, पण परवानगी कुणाची?

साताऱ्यातल्या एका अभ्यासिकेत आम्ही मित्रांनी पाच जुन्या पीसींवर लिनक्स टाकून दिलंय. एमपीएससीची पोरं तिथं बसतात. मध्यंतरी राउटर बदलला. नेटवर्कचं नाव तेच, पासवर्ड नवा. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी एक मुलगी सेटिंगमध्ये नवा पासवर्ड टाकायला गेली, तर समोर अॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी. अॅडमिन म्हणजे तिथले काका, ते गावाला गेलेले. तिनं कसाबसा मोबाईलवरनं फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी काकांचा मला सांगलीला फोन: "अॅडमिनचा पासवर्ड भिंतीवरच चिकटवतो बघ, कटकट नको."

म्हटलं, काका, थांबा जरा.

लिनक्स डेस्कटॉपवर हे काम बहुतेक ठिकाणी नेटवर्कमॅनेजर बघतो. रेड हॅटनं तो 2004 मध्ये आणला. कुठल्या युजरला काय करू द्यायचं, हे तो पोलकिटला विचारतो. मशीनसमोर लॉगिन करून बसलेला साधा युजर सेव्ह असलेल्या नेटवर्कला जोडू शकतो, स्वतःपुरतं नवं नेटवर्कही सेव्ह करू शकतो. पण सगळ्या युजरांसाठीच्या नोंदीत बदल करायचा तर वेगळी परवानगी लागते. अभ्यासिकेची नोंद सगळ्यांसाठीची होती, म्हणून ती खिडकी आली.

आता डेबियन, उबुंटूवर एक झटपट उपाय सांगतात: सगळ्यांना नेटडेव्ह ग्रुपमध्ये टाका. खिडकी जाते, खरंय. पण ज्याला ती नोंद बदलता येते, त्याला तिच्यातला पासवर्ड वाचताही येतो. म्हणजे राउटरचा पासवर्ड संध्याकाळपर्यंत समोरच्या चहाच्या गाड्यावर! अॅडमिनचा पासवर्ड भिंतीवर लावणं तर त्याहून वाईट, त्यानं अख्खं मशीनच हातात येतं.

आम्ही काय केलं? काकांनी एकदाच नवा पासवर्ड सगळ्यांसाठीच्या नोंदीत भरला. ती फाईल फक्त रूटला वाचता येते, आणि कुणी लॉगिन करायच्या आधीच मशीन नेटला जोडलं जातं. पोरांनी आपापला मोबाईल हॉटस्पॉट मात्र स्वतःपुरता ठेवायचा. तो सगळ्यांसाठी सेव्ह झाला, तर आवाक्यात असेपर्यंत शेजारचाही तुमचा दीड जीबी उडवणार, राव. राउटर परत बदलला आणि काका नसले, तर? म्हणून तिथल्या एका जबाबदार मुलाला, फक्त एकालाच, नेटडेव्हमध्ये घेतलंय.

एक गंमत. वायरनं जोडलेल्या पीसीवर सांगलीतनं एसएसएचनं शिरून मी त्याच मुलाच्या अकाउंटवरनं नोंद बदलायला गेलो, तर नकार! कारण ही सूट मशीनसमोर बसलेल्यालाच आहे. लांबनं करायचं तर सुडो लागतो. तुमच्या अकाउंटला काय चालतं ते बघायला टर्मिनलमध्ये 'एनएमसीएलआय जनरल परमिशन्स' चालवा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. मशीनसमोर बसून एकदा आणि एसएसएचवरनं एकदा, असं दोन्हीकडनं बघा.