आपल्या नळीला मानवणारा छर्रा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



खंडेनवमीला आमच्या घरी विळी, कात्री, पाना-पक्कड आणि माझी एअर रायफल अशी सगळी मंडळी सतरंजीवर एका ओळीत मांडली जातात. सगळ्यांना हळदकुंकू लागते. रायफलच्या दस्त्यावर झेंडूचे फूल येते. छऱ्यांची डबी मात्र कपाटातच राहते. नेम धरणाऱ्याचे कौतुक होते, बंदुकीचे होते, पण जो लक्ष्यापर्यंत जातो त्या छऱ्याची आठवण कोणाला येत नाही. मी क्रीडाशिक्षक. लातूरला नेमबाजी शिकलो आणि नोकरीच्या निमित्ताने नांदेडला आलो. इतकी वर्षे शिकवूनही ती आठवण मलाही उशिरा आली, आणि तिची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली. म्हणून आज छऱ्याविषयी बोलणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिला छर्रा जत्रेत उडवलेला असतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत फुगे फोडायचे दुकान असतेच. तिथला दुकानदार मूठभर छर्रे पत्र्याच्या वाटीत टाकतो. काही चेपलेले, काही काळे पडलेले. त्यात त्याचे काही चुकत नाही. फुगा तळहाताएवढा असतो आणि तो कसा फुटला याचे गुण कोणी मोजत नाही. त्या लक्ष्याला तो छर्रा पुरतो.

पहिली गोष्ट इथेच लक्षात घ्यायची. कोणता छर्रा चांगला, हे आधी लक्ष्य ठरवते. अमेरिकेत १९८० नंतरच्या काळात काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग नावाचा खेळ सुरू झाला. जुन्या सिनेमातल्या गुराख्यांसारखा पोशाख करायचा, एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या बंदुका घ्यायच्या आणि जवळच उभ्या केलेल्या पोलादी पाट्यांवर भराभर गोळ्या झाडायच्या. तिथे गोळी शिशाचीच लागते. वर तांबे मढवलेली गोळी चालत नाही आणि वेगालाही मर्यादा असते. पिस्तुलाची गोळी सेकंदाला १००० फुटांच्या आतच हवी. कारण साधे आहे. पोलादावर आपटून कठीण धातूचा तुकडा झाडणाऱ्याच्या किंवा बघ्याच्या अंगावर उलटू नये. शिसे मऊ, ते आपटले की चपटे होते. म्हणजे तिथे जोरदार गोळी ही चांगली गोळी नव्हे.

आपल्याकडे नांदेड-लातूरची मुले खेळतात ती १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. इथला हिशेब वेगळा. रायफलच्या कागदी लक्ष्यावरचा १० गुणांचा ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर. खसखशीचा दाणा डोळ्यांसमोर आणा. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा. त्याची कड त्या ठिपक्याला लागली की १० गुण मिळतात. पण आता मोठ्या स्पर्धांत गुण दशांशात मोजतात, १०.० पासून १०.९ पर्यंत. एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. साठ छऱ्यांच्या स्पर्धेत प्रत्येक छर्रा सरासरी पाव मिलिमीटर जास्त लांब पडला, तर ६ गुण गेले. आणि ६ गुणांत किती मुले एकमेकांच्या पुढे-मागे असतात, हे ज्यांनी निकालाचा कागद पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

म्हणून या खेळात सपाट तोंडाचा छर्रा वापरतात. गोल किंवा टोकदार तोंडाचा छर्रा कागद फाडतो, सपाट तोंडाचा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, मग गुण मोजताना वाद राहत नाही. छऱ्याची कंबर बारीक आणि मागचा भाग घागऱ्यासारखा पोकळ असतो. हवेचा दाब आला की तो घागरा फुलून नळीच्या आट्यांना घट्ट बसतो आणि छर्रा फिरत बाहेर पडतो. तो घागरा जरा चेपला असेल तर छर्रा भरकटतो. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा चालतो, पिस्तुलासाठी बहुधा थोडा हलका घेतात. आणि एक सांगून ठेवतो. खेळण्यातल्या बंदुकीचे पोलादी गोल मणी स्पर्धेच्या रायफलमध्ये कधीही घालू नका. नळीच्या आट्या खराब होतात, आणि मणी उलटून डोळ्यावर येऊ शकतो.

इथपर्यंत पुस्तकात सापडेल. पुढचे मी चुकून शिकलो.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. सराव म्हटला की दिवसाला १२० छर्रे. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३००० छर्रे, म्हणजे ५०० च्या ६ डब्या. स्पर्धेचे चांगले छर्रे परदेशातून येतात. जर्मनीतल्या आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन, चेक देशातली जेएसबी, ही नावे आमच्या मुलांना पाठ असतात. गिरणीवाल्या बापाने एकदा मला विचारले, "सर, महागाची डबी घेतली म्हणजे लेकराचा नेम बसंल का?" मी म्हणालो, "बसेल की." विचार न करता दिलेले उत्तर होते ते.

पुण्याच्या स्पर्धेला निघायचे होते. सरावात ती ६१२-६१३ च्या आसपास गुण मिळवत होती, ते मधल्या दर्जाच्या एका छऱ्यावर. त्या डबीत शंभरेक छर्रे उरले होते. साठ फैरी आणि आधीचा सराव धरून ते पुरले असते. पण मला वाटले, एवढी मोठी स्पर्धा, लेकराला उत्तम तेच द्यावे. लातूरच्या माझ्या मित्राकडे वरच्या दर्जाची नवी डबी होती. आमची पनवेल गाडी रात्री लातूर स्टेशनात थांबली तेव्हा त्याने ती खिडकीतून हातात दिली. मला केवढा आनंद झाला! ती डबी मी तिच्या बॅगेत ठेवली आणि जुनी माझ्या पिशवीत.

स्पर्धेत तिला ६०४ गुण पडले. यादीत नाव आले नाही.

संध्याकाळी मी तिला काय सांगितले असेल? "चाप ओढताना घाई केलीस. श्वास चुकला." ती काही बोलली नाही. परतल्यावर तिने उभे राहण्याची पद्धत बदलून पाहिली, दस्त्याची उंची बदलली, रोज अर्धा तास जास्त थांबू लागली. गुण वाढेनात. कारण ती नवी डबी संपेपर्यंत वापरा, असे मीच सांगितले होते. महागाची होती ना. थोड्याच दिवसांत त्या मुलीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला.

मग एका रविवारी सहज म्हणून मी तिची रायफल वाळूच्या पिशवीवर पक्की टेकवली आणि दोन्ही डब्यांतले छर्रे वेगवेगळ्या कागदांवर झाडले. दहा-दहा छऱ्यांचे चार कागद जुन्या डबीचे, चार नवीचे. व्हर्नियरने मोजले. जुन्या डबीच्या दहा छऱ्यांचे मिळून पडलेले भोक ६ मिलिमीटरच्या थोडे पुढे. नवीचे साडेआठच्या घरात, चारही वेळा. तिथे ना तिचा श्वास होता ना तिचा चाप. रायफल तीच, हवेचा दाब तोच, झाडणारा मी.

डब्या उलटून पाहिल्या. जुनीवर तोंडाचे माप ४.४९ छापलेले, नवीवर ४.५०. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. पण नुसत्या मापालाच दोष देता येणार नाही. त्याच मापाचे दुसऱ्या बॅचचे छर्रेही वेगळे वागू शकतात. नवी डबी वाईट नव्हती. माझा लातूरचा मित्र त्याच छऱ्यांवर उत्तम खेळतो. ती आमच्या नळीला मानवली नाही, एवढेच. एकाच्या अंगाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही, हे आपण घरात रोज बोलतो. रायफलच्या बाबतीत ते मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी ते आठही कागद मी तिच्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "चूक तुझी नव्हती, माझी होती." तिने कागद बराच वेळ पाहिले. मग विचारले, "सर, मग मी उभी राहायची ते बरोबरच होतं ना?" स्पर्धेपेक्षा त्या प्रश्नाने मला जास्त लाजवले.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. ती सांगतो, कोणालाही घरच्या घरी करता येईल. पण आधी छर्रे अडवणारी पेटी मागे हवी, आणि रायफलच्या पुढे कोणी जाणार नाही अशी जागा हवी. छऱ्यांचे चार-पाच प्रकार थोडे थोडे गोळा करा. क्लबमधल्या मुलांनी आपापसात वाटून घेतले तर खर्च पडत नाही. रायफल पक्की टेकवा. प्रकार बदलला की पहिले १०-१५ छर्रे मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, तो बदलायला वेळ लागतो. मग १० छऱ्यांचे निदान तीन-चार कागद घ्या. पाच छऱ्यांच्या एका सुंदर कागदावर भाळू नका, तो योगायोग असतो. कागदावर तारीख, माप आणि डबीवरचा बॅच नंबर लिहा. जो छर्रा पुन्हा पुन्हा जवळ जवळ पडतो तो आपला, मग त्याची किंमत काहीही असो. तो सापडला की त्याच बॅचच्या जमतील तेवढ्या डब्या एकदम घ्या. आणि स्पर्धेच्या तोंडावर काहीही बदलू नका.

मोठे खेळाडू हेच करतात, फक्त मोठ्या प्रमाणावर. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. ५० मीटरला .२२ ची काडतुसे लागतात. त्यांना परवाना हवा, किती घ्यायची यालाही मर्यादा. त्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे वाटेत ती डगमगत नाही. तिथे एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांतही लॉटप्रमाणे फरक पडतो. म्हणून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ ईली कंपनीच्या चाचणी रेंजवर नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात आणि तिला मानवणारा लॉट शोधून तोच विकत घेतात. आपल्याकडे वाळूची पिशवी आणि व्हर्नियर आहे. तत्त्व तेच.

पालकांसाठी दोन शब्द. छर्रा शिशाचा असतो आणि शिसे विषारी, लहान मुलांना अधिकच. छर्रे तोंडात धरायची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नका. जागा कोरड्या केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. धाकटी भावंडे तिथे रांगत असतील तर जास्तच जपा. आणि छर्रे खिशात घेऊन एसटीत बसू नका. पावसाळ्यात ओल लागून शिशावर पांढरी भुकटी येते, तसे छर्रे बाजूला काढा. डबी कोरड्या जागी, कापडात गुंडाळून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

माझी ती विद्यार्थिनी आता बारावीला लातूरला आहे. तिथल्या शिकवण्यांच्या वेळापत्रकात रायफलला जागा नाही, हे आपण सगळे जाणतो. रायफल नांदेडला माझ्याकडे आहे. गेल्या दसऱ्याला तिचा फोन आला. मला वाटले, शुभेच्छा द्यायला केला असेल. त्या तिने दिल्याच, आणि मग म्हणाली, "सर, आपल्या बॅचच्या दोन डब्या राहिल्या होत्या. त्या कोणाला देऊ नका. परीक्षा झाली की मी येतेय."

त्या खंडेनवमीला रायफलशेजारी दोन डब्या मांडल्या होत्या. त्यांनाही हळदकुंकू लागले होते.